आरपीसी ऑनलाइन : झिजलेल्या रोमन नाण्याचे गाव शोधताना

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत शहराशहरांनी आपापल्या नावाने पाडलेली कांस्य नाणी ज्यांना ओळखायची आहेत, त्यांच्यासाठी 'रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज ऑनलाइन' ही ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाशी संलग्न असलेली विनामूल्य सूची हे आज उपलब्ध असलेले सर्वांत भरवशाचे साधन आहे. संग्राहक तिला थोडक्यात आरपीसी म्हणतात. बडोद्यात घरच्या टेबलावर बसून, भिंग, वजनकाटा, कॅलिपर आणि एक संगणक एवढ्याच सामग्रीनिशी ही सूची कितपत उपयोगी पडते, याविषयीचा हा अभिप्राय आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : ज्याने नाण्यावरची तीन-चार अक्षरे आणि मागील बाजूवरचे चित्र स्वतः वाचून कागदावर उतरवले आहे, त्याला ही सूची अनेकदा थेट गावाच्या वेशीपर्यंत नेऊन सोडते, पण ज्याने काहीच वाचलेले नाही, त्याच्यासमोर ती हजारो सारख्याच दिसणाऱ्या छायाचित्रांची रास ओतते.

प्रांतिक नाणी म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बाजारात 'रोमन' या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. रोमच्या आणि इतर शाही टाकसाळींतून निघालेल्या नाण्यांवर लॅटिन लेख, म्हणजे कोरलेला मजकूर, असतो आणि ती साम्राज्यभर चालत. याउलट आशिया मायनर (आजचे तुर्कस्तान), सीरिया, थ्रेस, मोएशिया, मॅसेडोनिया, इजिप्त या प्रदेशांतील पाचशेहून अधिक शहरांनी स्थानिक व्यवहारासाठी स्वतःची नाणी पाडली. त्यांच्या दर्शनी बाजूवर बहुधा सम्राटाचा किंवा त्याच्या घरातील कुणाचा चेहरा असतो आणि मागील बाजूवर त्या शहराची देवता, मंदिर, नदी, डोंगर किंवा स्थानिक कथेतील प्रसंग असतो. लेख मुख्यतः ग्रीक असतो. लॅटिन वापरली ती प्रामुख्याने रोमन वसाहतींचा दर्जा मिळालेल्या शहरांनी. पश्चिमेकडे, विशेषतः स्पेनमध्ये, शहरांची नाणी पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातच बंद पडली. पूर्वेकडे मात्र ही प्रथा तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली आणि अलेक्झांड्रियाची टाकसाळ डायोक्लिशनच्या सुधारणांपर्यंत, म्हणजे इ.स. २९६-९७ च्या सुमारापर्यंत, आपली वेगळी नाणी काढत राहिली.

एवढ्या शहरांच्या, एवढ्या काळाच्या नाण्यांची एकत्र सूची करण्याचे काम दीर्घकाळ कुणी हाती घेतले नव्हते. जुन्या सूची संग्रहालयनिहाय होत्या, म्हणजे नाणे लंडनला आहे की पॅरिसला, यावर त्याची नोंद कुठे सापडेल हे ठरे. आरपीसीने कालखंड हा पाया धरला. पहिला खंड १९९२ साली ब्रिटिश म्युझियम आणि फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय यांनी मिळून प्रकाशित केला आणि त्यात इ.स.पू. ४४ ते इ.स. ६९ हा काळ आला. दुसरा खंड, फ्लेवियन घराण्याचा, १९९९ साली आला. नर्व्हा, ट्रेजन आणि हेड्रियन यांचा तिसरा खंड २०१५ साली आला. चौथा खंड अँटोनाइन काळाचा, पाचवा सेप्टिमियस सेव्हेरसपासून मॅक्रिनसपर्यंतचा, सहावा एलागाबालस व सेव्हेरस अलेक्झांडर यांच्या काळापासून इ.स. २३८ पर्यंतचा, सातवा गॉर्डियनांचा, आठवा फिलिपचा, नववा २४९ ते २५४ चा आणि दहावा त्यानंतरच्या अखेरच्या पर्वाचा, अशी एकूण योजना आहे. ही विभागणी पाठ करण्याची गरज नाही, पण ती डोळ्यांसमोर असली की शोध घेताना पुष्कळ वेळ वाचतो. तो कसा, हे पुढे येईलच.

आपल्याकडे बडोद्यात नाण्यांचा नाद असलेली मंडळी बहुधा गायकवाडी पैसे, गुजरातच्या सुलतानांची तांब्याची नाणी आणि पश्चिमी क्षत्रपांची चांदीची लहान नाणी यांपासून सुरुवात करतात. रोमन प्रांतिक कांस्य त्यांच्या हाती येते ते नाण्यांच्या प्रदर्शनांतून, जुन्या संग्राहकांच्या अदलाबदलीतून किंवा कुणा वारसाने काढलेल्या डब्यातून. इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचचा, म्हणजे बॅरिगाझाचा, विस्ताराने उल्लेख आहे आणि रोमन सोन्या-चांदीची नाणी तिथे फायद्याने बदलून मिळत असत, असेही म्हटले आहे; खुद्द बडोद्याच्या अकोटा भागात रोमन बनावटीच्या पात्राची कांस्य मूठही सापडली आहे. या खऱ्या इतिहासाचा आधार घेऊन एखादा विक्रेता हातातले हिरवट कांस्य नाणे 'भडोचच्या मातीतले' म्हणून दाखवू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. भारतात सापडलेली रोमन नाणी मुख्यत्वे सोन्याची आणि चांदीची शाही नाणी आहेत, तीही बरीचशी दक्षिणेत. करूर आणि मदुराई परिसरात सापडलेले लहान तांब्याचे तुकडे चौथ्या-पाचव्या शतकातील शाही नाण्यांचे आहेत. निकाइआ किंवा मार्कियानोपोलिससारख्या पूर्वेकडील शहराच्या बाजारासाठी पाडलेले सुटे नाणे नर्मदेच्या काठी येण्याला कारण नव्हते. तेव्हा असे नाणे अस्सल असले, तरी ते आधुनिक काळात संग्राहकांच्या हातून इथवर आले आहे, असेच धरून चालावे.

आता प्रत्यक्ष वापराकडे येऊ. सूचीत शोध घेण्याचे अनेक मार्ग आहेत : शहर, प्रांत, सम्राट, दोन्ही बाजूंवरील लेख, दोन्ही बाजूंवरील चित्र. प्रत्येक नोंदीत खंड व क्रमांक, शहर, काळ, दोन्ही बाजूंचे वर्णन, लेख ग्रीक अक्षरांत, सरासरी वजन आणि व्यास, आणि ज्या ज्या संग्रहांत त्या प्रकारचे नमुने आहेत त्यांची यादी, उपलब्ध असल्यास छायाचित्रांसह, दिलेली असते. शहर नकाशावर दाखवले जाते, ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण ज्या शहरांची नावे आपण कधी ऐकलेली नाहीत, ती एकमेकांपासून किती जवळ होती हे पाहिल्यावर त्यांच्या नाण्यांतील साम्य आपोआप उलगडते. कोनराड क्राफ्ट या जर्मन विद्वानाने आशिया मायनरमधील वेगवेगळ्या शहरांच्या नाण्यांसाठी दर्शनी बाजूचा, नाणे पाडण्याचा एकच ठसा वापरला गेल्याची असंख्य उदाहरणे दाखवली होती. नकाशा समोर ठेवला की ही गोष्ट मुळीच चमत्कारिक वाटत नाही.

सर्वांत सोपे उदाहरण निकाइआचे. बिथिनिया प्रांतातील हे शहर, आजचे तुर्कस्तानातील इझनिक. तिसऱ्या शतकात, विशेषतः सेव्हेरस अलेक्झांडर आणि तिसरा गॉर्डियन यांच्या काळात, या शहराने साधारण १८ ते २० मिलिमीटर व्यासाची लहान कांस्य नाणी अक्षरशः ढिगांनी पाडली, आणि त्यांच्या मागील बाजूवर सैन्याचे तीन किंवा चार ध्वजदंड उभे असतात. लेख ध्वजांच्या मधल्या जागांत तुटक विखुरलेला असतो, त्यामुळे नवखा माणूस ती अक्षरे म्हणजे काही संक्षेप असावेत असे समजतो. ती सगळी क्रमाने जोडली की 'निकाइएओन', म्हणजे 'निकाइआच्या लोकांचे', एवढाच मजकूर निघतो. सूचीत शहर आणि सम्राट निवडून ध्वजदंडांचे चित्र मागितले की नोंद समोर येते. इथे सूचीला पूर्ण गुण द्यावे लागतील. अर्थात या नाण्याची ओळख इतकी सोपी आहे, की एकदा ते पाहिलेल्याला पुढच्या वेळी सूचीची गरजही पडत नाही.

लेखातील हे षष्ठीचे रूप प्रांतिक नाण्यांचा कणा आहे. 'ओन' या शेवटाने, म्हणजे ओमेगा आणि न्यू या दोन अक्षरांनी, शहरवासीयांचा निर्देश होतो. क्षत्रपांच्या नाण्यांवर 'अमक्या महाक्षत्रपाच्या पुत्राचे' असा लेख काठावरून निम्मा कापला गेलेला असताना उरलेल्या तुकड्यांवरून राजा ओळखण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना हे काम अवघड जाऊ नये. मात्र काही अक्षररूपे आधी डोळ्यांत बसवावी लागतात. या काळात सिग्मा हे अक्षर इंग्रजी 'सी'सारखे कोरले जाई. जे इंग्रजी 'पी' दिसते ते 'र' असते. जे 'एच' दिसते तो दीर्घ 'ए' असतो. आणि ओमेगा पुष्कळदा इंग्रजी 'डब्ल्यू'च्या रूपात येतो. सम्राटाच्या नावाआधी 'आउटोक्रातोर' आणि 'काइसार' यांचे संक्षेप आणि शेवटी 'सेबास्तोस' असतो, जो लॅटिन 'ऑगस्टस'च्या जागी आहे. एवढी अक्षरओळख पूर्ण करण्यास एक सुटीची दुपार पुरेशी आहे, आणि ती केल्याखेरीज आरपीसी उघडण्यात अर्थ नाही. सूचीवरचा माझा पहिला गंभीर आक्षेप याच जागी आहे : लेख केवळ ग्रीक लिपीत दिलेला असतो आणि सगळी मांडणी इंग्रजीत असते, त्यामुळे नवशिक्याला दोन परक्या लिपी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. संगणकावर किंवा मोबाइलवर ग्रीक कीबोर्ड आधीच जोडून ठेवावा, हे उत्तम.

सूचीचे खरे सामर्थ्य दिसते ते मोएशिया इन्फेरिअर प्रांतातील मार्कियानोपोलिसच्या नाण्यांत. हे शहर म्हणजे आजच्या बल्गेरियातील वार्नाजवळचे देव्निया. तिसऱ्या गॉर्डियनच्या काळातील त्याच्या मोठ्या नाण्यांवर सम्राट आणि सेरापिस देव समोरासमोर चेहरे करून दाखवलेले असतात. मागील बाजूवर देवतेशेजारी एप्सिलॉन हे एकटेच अक्षर मोकळ्या जागेत असते आणि ते नाण्याचे मूल्य, म्हणजे पाच असारिया (सुट्या कांस्य नाण्यांचे एकक), सांगते. लेखात शहराच्या नावाआधी प्रांताच्या राज्यपालाचे नाव येते. टुलियस मेनोफिलस हा राज्यपाल इ.स. २३८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथे होता, म्हणून त्याच्या नावाची चार अक्षरे जरी वाचता आली तरी नाण्याचा काळ अगदी अरुंद पट्ट्यात येतो. अशा नाण्यांच्या प्रकारांची संख्या प्रचंड आहे : एकाच राज्यपालाच्या काळात उभी सूडदेवता नेमेसिस, शहराची भाग्यदेवता टायकी, गुंडाळलेला नाग, आरोग्याचा देव असक्लेपियस आणि आणखी कितीतरी चित्रे मागील बाजूवर आहेत, आणि लेखाच्या ओळी कुठे तुटतात यावरही भेद पडतात. छापील खंडात हे शोधणे म्हणजे पाने उलटत बसणे. सूचीत शहर, सम्राट आणि देवता निवडली की पाहण्याजोग्या नोंदी हाताच्या बोटांवर येतात.

सगळीच शहरे ग्रीक लिहीत नव्हती, हे वर आलेच. मोएशिया सुपीरिअरमधील विमिनाकियम या वसाहतीला गॉर्डियनच्या काळात, इ.स. २३९ मध्ये, नाणी पाडण्याचा अधिकार मिळाला. तिच्या नाण्यांवर प्रांतदेवता बैल आणि सिंह यांच्या मध्ये उभी असते आणि खाली रोमन अंकांत वर्ष दिलेले असते. लॅटिन लेख असल्याने नवशिक्याने याच नाण्यापासून सुरुवात करावी, असे मी आवर्जून सुचवीन.

ज्या नाण्यांवर वर्ष असते, ती मला व्यक्तिशः सर्वांत प्रिय आहेत. कॅपाडोशियातील काइसारिया, म्हणजे आजचे कायसेरी, येथील नाण्यांवर आर्गाइओस पर्वत असतो, कधी एकटा, कधी वेदीवर ठेवलेला, आणि त्याखाली 'वर्ष' या अर्थाची दोन अक्षरे व पुढे ग्रीक अंक असतो : आल्फा म्हणजे एक, बीटा म्हणजे दोन, डेल्टा म्हणजे चार, झीटा म्हणजे सात. हे वर्ष सम्राटाच्या राज्यारोहणापासून मोजलेले असते. अलेक्झांड्रियात याच कामासाठी इंग्रजी 'एल'सारखे एक चिन्ह वापरले जाई, आणि तिथले वर्ष २९ ऑगस्टच्या सुमारास बदले, त्यामुळे सम्राटाचे पहिले वर्ष काही वेळा अगदी थोड्या आठवड्यांचेच असे. सीरियातील अँटिऑकसारख्या शहराने याखेरीज स्वतःचा शक चालवला, जो इ.स.पू. ४९ पासून मोजला जाई. बडोद्याच्या संग्राहकाला याची गोडी विशेष लागावी, कारण क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शकवर्ष ब्राह्मी अंकांत असते. शकाच्या १६० च्या दशकातील क्षत्रप राजा विजयसेनाचे नाणे आणि तिसऱ्या गॉर्डियनचे काइसारियाचे नाणे शेजारी ठेवले, तर दोन्ही इ.स. २३८ नंतरच्या त्याच काही वर्षांतील निघतात. आरपीसीत वर्षनिहाय नोंदी स्वतंत्र असल्याने अशी जुळणी करणे सोपे जाते. दोन्हीकडे अंकच झिजलेला असला की मात्र हळहळण्यावाचून दुसरे काही उरत नाही.

आता अवघड भागाकडे. पहिली अडचण सम्राटांच्या नावांची. 'मार्कुस आउरेलियोस अँटोनिनोस' या नावाने मार्कस ऑरेलियस, काराकल्ला आणि एलागाबालस असे निदान तिघे नाण्यांवर येतात, आणि आरपीसीत ते अनुक्रमे चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खंडात विभागलेले आहेत. शोधचौकटीत सम्राट म्हणून एकाचे नाव निवडले, की उरलेल्या दोघांच्या नोंदी नजरेआड होतात. अशा वेळी सम्राटाची निवड मोकळी सोडून शहर आणि मागील बाजूचे चित्र यांवरच शोधावे, आणि मग चेहरा पाहावा : दाट कुरळी दाढी, आठ्या घातलेला आखूड दाढीचा चेहरा, किंवा कोवळा किशोर. झिजलेल्या नाण्यावरही हनुवटीची रेषा बरेच काही सांगते.

दुसरी अडचण शहरांच्या नावांची. अँटिऑक सीरियात आहे, पिसिडियात आहे आणि मिआन्डर नदीवरही आहे. काइसारिया कॅपाडोशियात आहे आणि पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरही आहे. निकोपोलिस किती आहेत हे तर विचारूच नये. पिसिडियाचे अँटिऑक वसाहत असल्याने लॅटिन लिहिते, हा एक आधार झाला. सीरियाच्या अँटिऑकच्या नाण्यांवर पुष्पचक्रातील 'एस' व 'सी' ही अक्षरे किंवा पायाशी पोहणाऱ्या ओरोन्टिस नदीसह बसलेली टायकी असते, हा दुसरा. या बाबतीत सूची चोख आहे. प्रत्येक शहर प्रांत आणि प्रदेश यांसह स्वतंत्र ठेवले आहे, आणि तिथे गोंधळ उरत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती नाण्याची आहे, सूचीची नाही. झिजलेल्या नाण्यावर बहुधा लेखाचा शेवट तेवढा शिल्लक राहतो. समजा 'एनोन' ही अखेरची अक्षरे स्पष्ट आहेत आणि बाकी काही नाही. हा शेवट पेर्गामोनचा असू शकतो, किझिकोसचा, लाम्पसाकोसचा, अद्रामितेइऑनचा; ही चारही शहरे एकट्या मिसिया प्रदेशातली आहेत, आणि सीरियातील दमास्कसचाही शेवट तोच आहे. मागे सर्पदंड धरलेला असक्लेपियस दिसतो म्हणून लगेच पेर्गामोन म्हणावे, तर असक्लेपियस आशिया मायनरमधील असंख्य शहरांनी कोरला आहे. मशालींना विळखा घातलेले नाग दिसले तर किझिकोसकडे कल झुकतो. इथे व्यास उपयोगी पडतो, वजन त्या मानाने कमी. ही कांस्य नाणी एकेक तोलून पाडलेली नव्हती, त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन नमुन्यांत ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक सर्रास आढळतो. सूचीतील सरासरी वजनाशी आपले नाणे जुळत नाही, म्हणून ते खोटे किंवा वेगळ्या मूल्याचे ठरवण्याची घाई करू नये. त्याऐवजी चेहऱ्याची शैली, अक्षरांची ठेवण आणि नाण्याच्या मधोमध असलेला बारीक खळगा पाहावा. असे खळगे थ्रेस आणि मोएशियाच्या नाण्यांवर वारंवार दिसतात, आणि विक्रेते त्यांना कधी कधी 'नुकसान' म्हणून किंमत कमी करतात, ही ग्राहकाच्या फायद्याची गोष्ट आहे.

छायाचित्रांच्या बाबतीत माझे समाधान अर्धेच आहे. पुष्कळ नोंदींत मूळ नाण्याऐवजी त्याच्या प्लास्टर साच्याचे कृष्णधवल चित्र असते. साच्यावर लेख वाचायला सोपा जातो, हे खरे; पण हातातल्या काळपट-हिरव्या, एका बाजूने घासलेल्या नाण्याशी त्याचे साम्य मनातल्या मनात जुळवणे सरावाखेरीज जमत नाही. आमच्यातील एक ज्येष्ठ स्नेही, ज्यांना दांडिया बाजारातील सगळे नाणेवेडे काकाच म्हणतात, ते याच कारणाने सूचीवर आधी विश्वास ठेवत नसत. "पांढऱ्या चित्रावरून काळे नाणे ओळखायचे, हे बरे आहे," असे ते म्हणत. आता तेच नाण्याचे छायाचित्र संगणकावर कृष्णधवल करून तिरप्या प्रकाशात पुन्हा घेतात आणि मग साच्याशेजारी ठेवतात. ही युक्ती कुणीही करून पाहावी.

प्रत्येक नोंदीखाली किती नमुने ज्ञात आहेत, ही संख्या येते, आणि तिचा बाजारात फार गैरवापर होतो. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना, न्यूयॉर्क अशा मोठ्या संग्रहांतील नमुने सूचीचा मुख्य आधार आहेत. संग्रहालयांनी जे जमवले ते तिथे दिसते, जमिनीत जे होते ते दिसतेच असे नाही. लहान, कुरूप, स्थानिक नाणी थोर संग्रहालयांनी फारशी जमवली नाहीत. म्हणून 'सूचीत दोनच नमुने' या वाक्यावर दुप्पट किंमत मागणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नकार द्यावा. सूची स्वतः किंमत सांगत नाही, आणि तिने कधीच सांगू नये, असे मला वाटते.

खरे-खोटे ठरवण्यात आरपीसीची मदत मर्यादित आहे. ओतीव नकलेच्या काठावरची जोडरेषा, पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे बारीक खड्डे, अक्षरांच्या कडांचा बोथटपणा, नव्याने कोरून उठवलेले केस किंवा पंख, आणि वाळूचा कृत्रिम थर चिकटवून आणलेला 'वाळवंटी' रंग, या गोष्टी भिंगाखालीच पाहाव्या लागतात. प्राचीन काळीच, चलनात असलेल्या नाण्यावर दुसरे लहान ठसे उमटवून कधी कधी त्याचे मूल्य पुन्हा ठरवले जाई. असे प्रतिठसे पाहून ते नाणे 'बिघडलेले' समजू नये, कारण ते त्या नाण्याच्या चलनाचाच पुरावा असतात. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड मात्र खरी बिघाडाची खूण आहे. क्लोराइडमुळे होणारा हा कांस्यरोग बडोद्याच्या पावसाळ्यात झपाट्याने वाढतो, तेव्हा असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे काढून सिलिका जेलसह बंद डबीत ठेवणे भाग आहे.

सूची आपल्या देशात अधिकच आवश्यक का ठरते, याला कायद्याचेही कारण आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याचा व्यापार करण्यासाठीही परवाना लागतो. म्हणजे परदेशातील जाणकाराकडे नाणे टपालाने पाठवून मत घेणे हा मार्गच बंद आहे. तुर्कस्तानातही १९८३ च्या कायद्यानुसार अशा वस्तूंवर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे मूळ स्रोत विचारणे ही केवळ औपचारिकता राहत नाही. घेताना जुन्या लिलावाची पावती, चिठ्ठी, जे मिळेल ते मागून घ्यावे.

पर्याय म्हणून बर्लिनहून चालणाऱ्या 'कॉर्पस नुमोरम' या सूचीचा उल्लेख केला पाहिजे. ती थ्रेस, मोएशिया इन्फेरिअर, मिसिया आणि ट्रोआस या चारच प्रदेशांपुरती आहे, पण त्या प्रदेशांत ती नाण्यांचे ठसे वेगवेगळे करून दाखवते, जे आरपीसीत मिळत नाही. मार्कियानोपोलिस किंवा किझिकोसचे नाणे हाती असेल, तर आधी आरपीसीत प्रकार निश्चित करावा आणि नंतर तिकडे जाऊन ठसा शोधावा. सीरिया, फ्रिजिया किंवा कॅपाडोशियासाठी मात्र आरपीसीला सोडून जाण्यात हशील नाही. लिलावगृहांची जुनी छायाचित्रे पाहणेही उपयोगी आहे, पण त्यांतील वर्णने सर्रास एकमेकांची उचललेली असतात.

सूची वापरताना क्रमांकाबाबत एक सावधगिरी बाळगावी. ज्या खंडांचे काम छापण्याआधी ऑनलाइन आले, त्यांतील क्रमांकांपुढे ते तात्पुरते असल्याचे लिहिलेले असते. खंड छापला जाईल तेव्हा ते बदलतात. म्हणून नाण्याच्या लखोट्यावर केवळ क्रमांक लिहून थांबू नये. खंड, क्रमांक, क्रमांक तात्पुरता असल्यास तसा शेरा, नोंद पाहिल्याची तारीख, आणि त्याशेजारी शहर, सम्राट, मागील बाजूचे चित्र, स्वतः वाचलेली अक्षरे जशीच्या तशी, न वाचता आलेल्या जागी टिंबे देऊन, एवढे सगळे लिहावे. नाणे कुठल्याच नोंदीशी जुळत नसेल तर दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे, ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत वजन, मिलिमीटरमध्ये व्यास आणि दोन बाजूंच्या ठशांचा परस्पर कोन घड्याळाच्या काट्याप्रमाणे नोंदवून ठेवावा. आरपीसीच्या पुरवणीसाठी नवे नमुने कळवणाऱ्याकडून याच गोष्टींची अपेक्षा असते, आणि पाठवायचे असते ते फक्त छायाचित्र, नाणे नव्हे.